लग्नाच्या दिवशीची गोळी

प्रिय शकू,

कालपासून हे पत्र डोक्यात घोळतंय. तुला लिहायची मला सवय नाही. लग्न ठरल्यावर एकदा चिठ्ठी पाठवली होती, ती तुझ्या थोरल्या भावाच्या हाती पडली आणि मी कानाला खडा लावला. पुढे गरजही पडली नाही. तू समोरच असायचीस, आणि माझ्या आधी तूच बोलायला लागायचीस!

काल आपल्या रंजूनं असं काही विचारलं की त्याचं उत्तर तुझ्याशी बोलल्याशिवाय मला देता येणार नाही, म्हणून लिहितोय. ती मौद्याहून आली आहे, जावयाला तिकडे एकट्यालाच ठेवून. सकाळी पोहे केले, ताटली माझ्या हातात दिली आणि समोर बसून म्हणाली, "बाबा, खरं सांगा. तुम्हाले आईपाशी जाचं हाय काय?"

मी पोहे खात राहिलो. तुझ्या लेकीला फसवणं कुठं सोपं आहे! ती उठली, मोरीत गेली आणि नळ मोठा सोडला. रडायचं असलं की तूही हेच करायचीस.

शकू, तुझा आजार आता मला झालाय.

तुझ्यासारखी हृदयाची झडप बिघडलेली नाही माझी. माझं कारण बीपी. इतकी वर्षं वाढलेल्या बीपीविरुद्ध जोर लावून लावून हृदय थकलं, असं डॉक्टर म्हणाले. पण पुढचं सगळं तुझंच. उन्हाळा लागला, आपल्या हुडकेश्वर भागात माझ्या नावानं हाका सुरू झाल्या, कूलरचा पंप बदला, खसच्या ताट्या बदला. नेहमीसारखा एका छतावर चढलो आणि अर्ध्या जिन्यात बसलो. श्वास पुरेना. आधी म्हटलं, ऊन आहे. मग रोजच बसायला लागलो. आडवं पडलं की खोकला यायला लागला. एका संध्याकाळी चप्पल काढली तर पायावर पट्ट्यांचे वळ उमटलेले. मी नडगीवर अंगठा दाबून धरला. खड्डा पडला आणि किती वेळ तसाच राहिला.

तो खड्डा मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तुझ्या पायावर मी तो रोज पाहत होतो.

आणि खरं सांगू? मला भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. वाटलं, चला, आपलंही बोलावणं आलं. कोणाला काही सांगितलं नाही.

तुझं मात्र आपल्याला लवकर ओळखताच आलं नाही, वं! कसं ओळखणार? तू उभी कुठं असायचीस, तर लग्नाच्या मांडवामागे, चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यापुढे. लांब रोटी करणाऱ्या बायांमध्ये तुझं नाव होतं. सैल कणकेचा गोळा घ्यायचीस, या हातावरून त्या हातावर झेलत झेलत तो कोपरापर्यंत लांबवायचीस आणि अलगद त्या तापलेल्या मटक्यावर पसरायचीस. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा श्वास अडकला होता, आता पडते की काय ती रोटी! तू हसलीस. म्हणालीस, "माह्या रोटीले भोक पडत नाई जी. तुमी तुमचे कूलर पाहा."

तेव्हा तुला धाप लागायची तर आपण म्हणायचो, धुरानं लागते. खोकला आला, छातीत धूर बसला. पाय सुजले, दिवसभर उभी असते, सुजणारच. जेवण जाईना, तर आगीपुढे राहून भूक मरते म्हणे. प्रत्येक गोष्टीला आपल्याकडे उत्तर तयार होतं! तुझं वजन वाढलं तेव्हा तर शेजारणींनी कौतुक केलं. "शकुन, तब्येत सुधारली वं तुयी!" तुलाही ते आवडलं, आरशात पाहिलंस. ते मांस नव्हतं, शकू. ते अंगात साचलेलं पाणी होतं.

मग त्या दिवशी तू भर अंगणात कपडे वाळत घालता घालता बसलीस आणि तुला एक आख्खं वाक्य बोलता येईना. तेव्हा आपण दवाखाना पाहिला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मग त्या इको मशीनवर तुझं हृदय दाखवलं. लहानपणी सांधे धरून ताप आला होता का, असं विचारलं. आला होता, तू कित्येक दिवस शाळेत गेली नव्हतीस. त्याच तापानं झडप खराब झाली आणि इतकी वर्षं कोणाला कळलं नाही. झडपेवर ऑपरेशन करावं लागेल, पण आधी अंगातलं पाणी उतरू दे, तब्येत सावरू दे, असं ठरलं. हृदय बंद पडलेलं नाही, त्याची ताकद कमी झाली आहे, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मला ते पटकन समजलं. कूलरचा पंप अशक्त झाला की पाणी वरच्या ताट्यांपर्यंत चढत नाही आणि खाली टाकी मात्र भरलेलीच राहते. मी तुला बाहेर आल्यावर हे समजावून सांगितलं तर तू म्हणालीस, "म्हंजे मी कूलर हाय काय?" आणि आपण दवाखान्याच्या पायरीवर हसत बसलो. त्या दिवशी हसायला नको होतं का आपण?

पण त्यानंतर तू किती मनापासून पाळलंस! मीठ अगदी थोडं. लोणचं, पापड, सांडगी मिरची, सगळं बंद. तुझ्यासारख्या बाईला आळणी वरण म्हणजे शिक्षाच. मीही तुझ्यासोबत तेच खायला लागलो तर तुला राग आला. "तुमी काहून आळणी खाता? तुमचं दिल तर धडधाकट हाय!" रंजूनं वजनकाटा आणून दिला. सकाळी उठून, मोरीत जाऊन आलं की काहीही खाण्याआधी काट्यावर उभं राहायचं. दोन-तीन दिवसांत वजन भरभर वाढलं तर पाणी साचतंय, लगेच दवाखाना गाठायचा. आणि पाणी मोजून प्यायचं. नागपूरच्या मे महिन्यात माणसाला पाणी मोजून द्यायचं म्हणजे काय, ते देणाऱ्याला विचारा! तू बाटली हातात घेऊन बसायचीस आणि घोट घोट पुरवायचीस. मला पाहवायचं नाही, मी बाहेर जाऊन पाणी प्यायचो.

आणि ती पाण्याची गोळी, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी. सकाळी घेतली की तास-दोन तास तू मोरीतच. पण पाय उतरले, धाप गेली, तू जिना चढायला लागलीस. गालांवरची सूज उतरून तुझा जुना चेहरा परत आला. मला वाटलं, जिंकलो आपण.

मग ऑपरेशनची तारीख मिळण्याआधीच लग्नसराई आली.

डॉक्टरांनी हलकं काम करायला परवानगी दिली होती, आगीपुढे उभं राहायला नाही. तू म्हणालीस, मी फक्त देखरेख करीन, भाजायचं कमळा करेल. तुझी ती कमळा, कणीक मळणारी. मी विश्वास ठेवला. कारण तू घरात मिठाचा कण चुकवत नव्हतीस. लग्नाच्या दिवशी तू पहाटेच निघायचीस, ना काटा, ना गोळी. मी समजायचो, सोबत नेली असेल. लागोपाठ मुहूर्त होते. एक झालं, दुसरं झालं, मग आणखी. घरी आलीस की तू दमलेली असायचीस आणि मी म्हणायचो, कामानं दमली.

शेवटच्या त्या लग्नाहून कमळानं तुला ऑटोत घालून आणलं. भर दुपारी. तू ओठ निळे घेऊन दारात बसलीस आणि खोकल्यातून फेस यायला लागला. त्याच ऑटोतून आपण दवाखान्यात गेलो. कमळा रडत सारखं तेच सांगत होती, "म्या म्हनलं वं बाई, बस. आयकतच नाई. मटक्यापाशी कोनाले उभंच राहू देत नाई."

आत गेल्यावर त्यांनी तोंडावर ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या, धावपळ केली. थोडी हुशारी आल्यावर तू मास्क बाजूला करून मला जवळ बोलावलंस. मला वाटलं रंजूबद्दल काही सांगशील. तू म्हणालीस, "लग्नाच्या दिवशी गोळी नव्हती घेत मी."

मी म्हटलं, "काहून वं?"

"मटका सोडून कुठी जाव जी? चार बाप्ये उभे राह्यतात तिथं. कितीक वेळा जाव?"

एवढंच. इतकंच कारण! मांडवामागे बायांसाठी धड आडोसा नाही, कणीक सुकते, रोटी जळते, आणि पुरुषांपुढून वारंवार उठून जायची लाज. म्हणून सराईभर, जितकी लग्नं तितके दिवस, तू ती गोळी गिळलीच नाहीस. संध्याकाळ व्हायच्या आत तू गेलीस.

मी तुझ्यावर किती रागावलोय ते तुला कळलं पाहिजे. वरून बघत असशील तर बघ. मला एकदा सांगितलं असतंस तर मी स्वतः जाऊन त्या मांडवामागे चार बांबू रोवले असते, चादर बांधून दिली असती. हातात हत्यारं घेऊनच तर फिरतो मी! लोकांच्या घराघरात गारवा करत हिंडलो आणि माझ्या बायकोला आडोसा हवा होता हे मला कोणी सांगितलं नाही. तूच नाही सांगितलंस. मला नाही सांगितलंस, शकू! मी काय परका होतो?

तू गेल्यावर घरात मीठ परत आलं. रंजूनंच डबा भरून ठेवला. मी चार-पाच दिवस भाजीत घातलं आणि मग सोडून दिलं. जेवणाला चवच लागत नव्हती, मीठ असो की नसो.

मग माझा हा आजार. मी लपवला होता, पण रंजू अक्षय तृतीयेला आली आणि मी खुर्चीत बसून झोपतो हे तिनं पाहिलं. खाली बसली, माझ्या धोतराचा काठ वर केला आणि नडगीवर अंगठा दाबला. आईकडून लेकीला काय काय मिळतं! तिला दागिना मिळाला, रोटी करायची कला मिळाली नाही, आणि हे मिळालं. तिनं एकच किंकाळी फोडली. दुसऱ्या दिवशी मला तुझ्याच डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

आता जे सांगतो ते नीट ऐक. म्हणजे नको ऐकूस. पण मला कोणाला तरी सांगितलंच पाहिजे.

डॉक्टरांनी मला तीच पाण्याची गोळी लिहून दिली. मग विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, कूलर दुरुस्ती, घरोघरी फिरतो. तर ते अगदी सहज म्हणाले, "मग ज्या दिवशी सकाळी बाहेर काम असेल त्या दिवशी ही गोळी घरी परतल्यावर दुपारी घेतलीत तरी चालेल. फक्त बुडवायची नाही. आणि संध्याकाळनंतर नको, झोपमोड होईल."

मला ऐकू आलं, पण समजलं नाही. मी म्हटलं, "दुपारी घेतली तर चालते?"

"चालते की. प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून विचारायचं. आपल्या मनानं बंद करायची नाही, एवढंच."

चालते की! शकू, चालत होतं! तू लग्नाहून दोन-तीन वाजता घरी यायचीस. हातपाय धुवायचीस, चहा घ्यायचीस. त्या चहाआधी एक गोळी. आपलं घर, आपली मोरी, कोणी बाप्या नाही, कोणाची लाज नाही. इतकं सोपं होतं. विचारायचं होतं फक्त. आणि तू विचारलं नाहीस, कारण लघवीचं काय बोलायचं डॉक्टरसमोर! मी शेजारीच बसायचो दर वेळी. मलाही सुचलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही, तू कोणत्या कामाला जातेस. तीन शहाणी माणसं एका टेबलाभोवती बसून होतो, आणि ही एवढी गोष्ट कोणाच्याच तोंडून निघाली नाही.

मी तिथंच रडलो. डॉक्टरांनी रंजूकडे पाहिलं. तिनं तुझं नाव सांगितलं.

घरी आल्यावर ती गोळ्यांची पाकिटं मी फ्रिजवर ठेवली आणि हात लावला नाही. मला ती गोळी गिळवेना. जी तू न घेता गेलीस ती मी खाऊन जगायचं? कशासाठी? कोणाच्या घरच्या कूलरसाठी? सकाळी उठल्यावर आधी तुझ्या बाजूला हात जातो. मग दिवसभर मी तो हात घेऊन हिंडतो. मला वाटलं, आपोआप होतंय तर होऊ द्यावं. कोणाला दोष नाही, कोणाला त्रास नाही.

रंजू मौद्याला परत गेली, फोनवर रोज विचारत राहिली, मी रोज "घेतली" म्हणत राहिलो. परवा ती न सांगता आली आणि फ्रिजवर तिला पाकिटं जशीच्या तशी सापडली. म्हणून कालचा तो प्रश्न. नळ बंद करून ती मोरीतून परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज अगदी तुझा. उभ्यानंच म्हणाली, "आईनं तुम्हाले सांगतलं नाई म्हून तुमी वरीसभर तिच्यावर चिडून राहिले. आन् तुमी मले काय सांगतलं, बाबा? तुमी जासान आईपाशी. मंग मी कोनापाशी जाऊ?"

शकू, मी पोह्यांची ताटली खाली ठेवली.

तुझ्यावर जो राग मी इतके दिवस उरात धरून बसलो होतो, तोच राग मी माझ्या लेकीच्या पदरात बांधायला निघालो होतो. मी तुझ्याशी भांडतोय तसं तिनं उद्या माझ्याशी भांडायचं का? तुला निदान ठाऊक नव्हतं की दुपारची गोळी चालते. तुला मरायचं नव्हतं. तुला फक्त रोटी जळू द्यायची नव्हती. मला मात्र सगळं ठाऊक आहे आणि तरी मी हात लावत नव्हतो. आपल्या दोघांत शहाणी कोण होती, तूच सांग.

आज सकाळी धरमपेठेत एका घरी कूलर बघायला जायचं होतं. चढायचं काम मी सोडलंय, खालचे तेवढे बघतो. निघण्याआधी रंजूसमोर गोळी घेतली. दुपारी घेतली असती तर चाललं असतं, पण मला तिच्यादेखत घ्यायची होती. धरमपेठेत पोचलो, पिशवी खाली ठेवली आणि त्या घरच्या बाईंना आधी विचारलं, "ताई, बाथरूम कोनत्या बाजूले हाय? औषध चालू हाय माह्यं, दोन-तीनदा जा लागन." त्या म्हणाल्या, "अहो, ते काय, डाव्या हाताला." बस. कोणी हसलं नाही, कोणी वळून पाहिलं नाही. मी आत गेलो, दार लावलं आणि तुझ्यासाठी इतका रडलो की त्या बाईंनी बाहेरून विचारलं, काका, बरं आहे ना?

बरं कुठलं!

कमळाला आज बोलावून घेतलंय. तिचेही पाय सुजतात म्हणे, आणि तीही म्हणते उभं राहून सुजतात. तिला मी असं सोडणार नाही, स्वतः दवाखान्यात नेईन, आणि तिला बोलता येणार नाही ते मी बोलेन. मला आता कसलीच लाज उरलेली नाही.

तेव्हा माझा शब्द घे, शकू. रोज सकाळी काट्यावर उभा राहीन. मीठ टाकून देईन. गोळी बुडवणार नाही, आणि काही वेगळं वाटलं तर ते आधी रंजूला सांगेन, मग दुसऱ्याला. तू तिथे माझी वाट पाहत असशील तर पाहू नकोस. मी इतक्यात येत नाही. तुझ्यावरच्या रागानं येत नाही असं मनात आणू नकोस, यायचं मन तर रोजच होतं. पण आपल्या पोरीची आई अचानक गेली, तिचा बाप तरी तिला सांगून, सावकाश जाऊ दे.

राहतो मी. तुझ्याशिवाय राहतो.

तुझ्यावर अजून रागावलेला आणि तरी तुझाच,
देवराव